चाकांवरच्या घरातील डगमगते टेबल

विद्यार्थिमित्रहो, डगमगणारे टेबल ही वस्तू तुम्हांस अपरिचित नाही. वर्गातील एखाद्या टेबलाच्या पायाखाली वहीच्या पानाची घडी कोणी ना कोणी नित्य सारीत असतो, आणि सकाळी झाडताना ती घडी केराबरोबर निघून जाते. पुन्हा टेबल डुलू लागते, पुन्हा वहीचे पान फाटते. आज मी ज्या टेबलाची हकीकत सांगणार आहे ते मात्र आपल्या देशातले नव्हे, आणि त्यास चार पायही नव्हते. तरी त्याने मला जे शिकविले ते तुमच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम आपल्या वर्गातल्याच टेबलाकडे पाहू. तिवईस ही व्याधी कधी होत नाही. कोणतेही तीन बिंदू घेतले तरी ते एका प्रतलात येतातच, म्हणून ओबडधोबड अंगणातही तिवईचे तिन्ही पाय जमिनीस टेकतात. चौथा पाय आला की तो त्याच प्रतलात उतरेल असा नेम नाही. मग कधी हा पाय अधांतरी, तर कधी समोरचा. चौरस टेबलाचे चारही पाय सारख्या लांबीचे असून दोष केवळ उंचसखल जमिनीचा असेल, तर कागदाची घडी न घालता ते टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहावे. पाव फेरा पुरा होण्याच्या आत चारही पाय टेकतील अशी एक जागा बहुधा सापडते. ह्यास गणिताचा भक्कम आधार आहे. (वरच्या वर्गांतील मुलांनी त्याचे कारण आपल्या गणिताच्या शिक्षकांस विचारावे; परंतु मधल्या सुट्टीत विचारू नये.)

आता, जे टेबल जमिनीस स्क्रूंनी जखडलेले आहे ते फिरवावे कसे? त्याचे डगमगणे निराळ्या जातीचे असते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या वृद्ध मातोश्रींस घेऊन अमेरिकेतील मिशिगन राज्यात धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. बहिणीने व मेहुण्यांनी तेथे एक जुना ट्रेलर विकत घेतला आहे. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून न्यावयाचे, चाकांवर बसविलेले लहानसे घर. त्यात चूल, मोरी, पाण्याची टाकी, कपाटे आणि बिछाने एवढा सगळा संसार मांडलेला असतो. शेजारच्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर तर अशी घरे बांधणाऱ्या कारखान्यांबद्दल प्रसिद्धच आहे. सुट्टी लागली की तिकडील पुष्कळ कुटुंबे असे घर मोटारीस जोडून सरोवराच्या काठी किंवा रानात जाऊन राहतात. ही चाल आजकालची नव्हे. १९३६ साली वॉली बायम ह्या गृहस्थांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ नावाचा जो ट्रेलर काढला, त्यात चार माणसांच्या निजण्याची सोय होती. आणि ती साधावी म्हणून बसावयाच्या जागेचाच रात्री बिछाना करीत.

ही युक्ती अद्याप चालू आहे. ट्रेलरात समोरासमोर दोन बाके असतात व मध्ये जेवणाचे टेबल असते. ह्या सबंध जागेस तिकडे डायनेट म्हणतात. टेबलाच्या फळीखाली धातूच्या दोन पोकळ नळ्या उभ्या असतात. एक भिंतीकडे, दुसरी वाटेकडे. रात्री नळ्या उपसून काढावयाच्या, टेबलाची फळी खाली उतरवून दोन्ही बाकांच्या कडांवर टेकवावयाची, आणि वर गाद्या पसरावयाच्या, की झाला पलंग. सकाळी पुन्हा नळ्या उभ्या करून टेबल मांडावयाचे. आमच्या ट्रेलरात हा पलंग आईसाठी ठरला होता.

मिशिगन सरोवराच्या काठी आम्ही मुक्काम केला त्या पहिल्याच संध्याकाळी टेबल डुलत असल्याचे ध्यानात आले. चहाच्या पेल्यांतून चहा बशीत आणि बशीतून टेबलावर येई. मेहुण्यांनी सवयीप्रमाणे पुठ्ठ्याचा एक तुकडा खाली सारला. मला त्याहून मोठी अडचण दिसली ती बिछान्याची. भिंतीकडची नळी तिच्या बैठकीत इतकी आवळून बसे की माझ्या बहिणीस ती दोन्ही हातांनी पिळून, हिसडे देऊन उपसावी लागे. वाटेकडची मात्र बोट लावताच निघे. बहिणीचे ते रोजचे कष्ट पाहून मी मोठ्या शहाणपणाने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी मागितली आणि दोन्ही नळ्यांच्या टोकांस तेल लावले. त्या रात्री नळ्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या, आणि पदार्थविज्ञानाचा पदवीधर भाऊ घरी आल्याबद्दल माझे कौतुकही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणास बसलो असता मेहुणे उठताना टेबलाच्या कडेवर हात टेकून उठले. टेबल एका अंगास कलले, वाटेकडची नळी बैठकीत निसटली, आणि कढत आमटीचे पातेले आईच्या बाजूस घसरत गेले. तिने ते अडविण्यास हात पुढे केला. आमटी तिच्या हाताच्या पाठीवर सांडली. आम्ही लगेच तिचा हात वाहत्या गार पाण्याखाली पुष्कळ वेळ धरला. कातडी लाल झाली, पण फोड आला नाही. आईने मला शब्दानेही बोल लावला नाही. अकरा वर्षांची माझी भाची मात्र म्हणाली, “मामा, काल तेल कशाला लावलं होतं?”

ह्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते असे नाही. उत्तर होते, पण ते कालच आठवावयास हवे होते.

त्या नळीचे टोक निमुळते असते, आणि ते ज्या वाटीसारख्या बैठकीत बसते तिचे तोंडही तितकेच निमुळते असते. तेथे स्क्रू नाही, खटका नाही, काही नाही. निमुळती वस्तू निमुळत्या भोकात दाबली की ती पाचरेसारखी आवळते, आणि दोन पृष्ठभागांमधील घर्षणच तिला धरून ठेवते. जात्याचा खुंटा बसतो तो ह्याच नियमाने. खुंटा ढिला झाला तर तुमची आजी त्यास चिंधी गुंडाळून ठोकते. तेल लावून ठोकील काय? मी ज्या घर्षणावर ते टेबल उभे होते तेच पुसून टाकले होते. तेव्हा विद्यार्थ्यांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे की बिजागरीस तेल हवे, कारण ती फिरण्यासाठी आहे; पाचरेस तेल नको, कारण ती न हलण्यासाठी आहे.

ते तेल साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरड्या फडक्याने दोन वेळा पुसून काढले. पण टेबल तर तेल लावण्यापूर्वीही डुलत होते. तेव्हा मूळ दोष शोधणे प्राप्त झाले, आणि ह्या वेळी उतावीळ न करता क्रमाक्रमाने शोधण्याचा मी निश्चय केला.

भाचीने पहिलाच प्रश्न असा विचारला, “टेबल हलतं की घर हलतं?” हा प्रश्न मला फार आवडला. ट्रेलर हा स्प्रिंगांवर व रबरी चाकांवर उभा असतो; आत माणूस चालला तरी तो किंचित डोलतो. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर चाकांस पुढून-मागून अडसर लावतात आणि चारही कोपऱ्यांखाली टेकू उतरवितात. (हे टेकू डोलणे थांबविण्यापुरतेच असतात, त्यांच्यावर सबंध घराचा भार उचलू पाहिल्यास ते वाकतात.) आम्ही पाण्याने भरलेली एक वाटी टेबलावर व दुसरी ओट्यावर ठेवली आणि मेहुण्यांस दाराशी ये-जा करावयास सांगितले. ओट्यावरचे पाणी जवळजवळ स्वस्थ राहिले, टेबलावरचे थरारले. म्हणजे घर निर्दोष ठरले.

मग सांधे मोजले. प्रत्येक नळीस तीन ठिकाणी हलण्यास वाव असतो: वरची बैठक जेथे फळीच्या खालच्या अंगास स्क्रूंनी बसविली आहे तेथे, नळीची दोन्ही टोके जेथे बैठकीत शिरतात तेथे, आणि खालची बैठक जेथे जमिनीस जखडली आहे तेथे. हे सारे डोळ्यांनी पाहू म्हटले तर दिसत नाही, कारण हालचाल केसाएवढी असते. ह्यासाठी बोटे फार उपयोगी. एकाने टेबल हळूच पुढेमागे डुलवावे; दुसऱ्याने बोटाचे टोक सांध्यावर असे ठेवावे की अर्धे एका भागावर व अर्धे दुसऱ्यावर यावे. सांधा घट्ट असेल तर दोन्ही भाग बोटाखाली एकत्र सरकतात. ढिला असेल तर एक भाग दुसऱ्यावर घासल्याचे वैद्याच्या हातास नाडी लागावी तसे लागते. मोठ्या माणसास टेबलाखाली शिरणे कठीण, म्हणून ही नाडीपरीक्षा भाचीकडे सोपविली. ती आतून एकेक निकाल ओरडून सांगू लागली, आणि मी ते वहीत मांडू लागलो.

निकाल पाहून मला आश्चर्य वाटले. मी एक दोष शोधीत होतो. तेथे दोन निघाले, आणि तेही एकमेकांच्या उलट. वाटेकडच्या नळीची बैठक जमिनीस अगदी घट्ट होती, पण नळी बैठकीत खुळखुळत होती. भिंतीकडची नळी बैठकीत घट्ट होती, पण बैठकच जमिनीवर हलत होती. वरून दोन्हींचे डुलणे एकच दिसे.

वाटेकडच्या बैठकीत बोट घालून पाहिले तो तळाशी सरोवराकाठची वाळू आणि पावाचा चुरा साठून त्याचा थर झालेला. नळीचे टोक त्या थरावर जाऊन टेकत होते. निमुळत्या सांध्याचा नियम असा की टोक कधीही तळास टेकता कामा नये. ते कडांवर आवळले तरच पकड बसते. तळास टेकले की पाचर ही पाचर राहत नाही, नुसता खुंट होतो. थर खरवडून काढला तेव्हा नळी आणखी खाली उतरली. तरीही पूर्ण आवळली नाही, कारण रोजच्या काढघालीने बैठकीच्या कडा झिजल्या होत्या. म्हणून टोकाभोवती ॲल्युमिनियमच्या पातळ चिकटपट्टीचा एकच वेढा, सुरकुती न पडू देता, घातला. आजीच्या चिंधीचाच हा धातूचा अवतार होय. दोन वेढे घातले असता नळी वरच अडकून बसली, तेव्हा एक काढून टाकला.

एवढ्याशा पोकळीने टेबल इतके का डुलावे, हे गणिताने समजते. बैठकीची खोली सुमारे ५ सेंटीमीटर आणि नळीची उंची सुमारे ७० सेंटीमीटर. बैठकीच्या तोंडाशी अर्ध्या मिलीमीटरची मोकळीक असली, तर ७० भागिले ५ म्हणजे १४ पट होऊन टेबलाच्या पृष्ठभागाशी ती ७ मिलीमीटर होते. मुळाशी केसाएवढी चूक, शेंड्याशी बोटाएवढी. शिवाय नळ्या दोनच, आणि त्या भिंतीपासून वाटेपर्यंत एका रेषेत उभ्या. त्या रेषेच्या दिशेने टेबल ढकलले तर दोन्ही मिळून चांगला विरोध करितात. पण माणसे बसतात ती रेषेच्या दोन्ही अंगांस, आणि भार टाकितात तोही आडवा. त्या दिशेस प्रत्येक नळी एकटीच उभी असल्यासारखी असते.

आता भिंतीकडच्या बैठकीचा विचार. ती सुमारे १८ सेंटीमीटर व्यासाची गोल तबकडी असून पाच स्क्रूंनी जमिनीस धरलेली होती. उठताना कोणी टेबलाच्या कडेवर हात टेकला, तर त्या स्क्रूंवर किती ताण येत असेल? हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. समजा, हाताचा भार २० किलो आणि कड मध्यापासून ३५ सेंटीमीटर. तबकडी आपल्या काठावर कलू पाहते. काठ मध्यापासून ९ सेंटीमीटर. तेव्हा कलविणारे परिबल २० गुणिले २६, म्हणजे ५२०. टेबलाचे स्वतःचे वजन १२ किलो धरले तर ते उलट बाजूने १२ गुणिले ९, म्हणजे १०८ एवढी मदत करिते. राहिले ४१२. हे परिबल पलीकडच्या स्क्रूंनी पेलावयाचे, आणि ते कलत्या काठापासून सुमारे १६ सेंटीमीटर दूर. ४१२ भागिले १६ म्हणजे सुमारे २६ किलो. दोन्ही बैठकी मिळून हा ताण सोसावयाचा. पण भार जिच्याजवळ पडेल तिच्या वाट्यास तो अधिक येतो. दिवसातून दहा वेळा ह्या बाजूने, दहा वेळा त्या बाजूने. त्यात रस्त्यावरून धावताना घरास बसणारे हादरे निराळे, आणि रोज रात्री बहिणीच्या हातचे हिसडे निराळे! ती नळी ओढीत होती खरी, पण नळी बैठकीतून सुटण्यापूर्वी बैठकच जमिनीतून उपटली जात होती.

तथापि केवळ ताणामुळे स्क्रू इतके सैल व्हावेत हे मला पटेना. मी पेचकस घेऊन पाहिले तो पाचांपैकी चार स्क्रू नुसते गरगर फिरत. आवळत नसत, बाहेरही येत नसत. मेहुणे म्हणाले, “मागील दोन वर्षांत मी दोन वेळा जाड स्क्रू घातले. प्रत्येक वेळी महिनाभर बरे चालते.” जाड स्क्रू हा उपाय एकदाच चालतो. लाकडाच्या तंतूंवर स्क्रूचे आटे धरून असतात. ते तंतू तुटले की जाड स्क्रू बाजूचे नवे तंतू कापून जागा करितो, आणि तेही तुटले की पुढे धरावयास काही उरत नाही. लाकूड निरोगी असेल तर आपल्याकडील सुतार करितात तेच योग्य: भोकात कठीण लाकडाची किंवा बांबूची खुंटी गोंद लावून ठोकावी, वाळू द्यावी, आणि तिच्यात बारीक भोक पाडून मूळचाच स्क्रू बसवावा.

पण लाकूड निरोगी आहे कशावरून? बैठक उचलून पाहिली. खालच्या प्लायवुडचा रंग काळपट झालेला. मी त्यावर गिरमिटाचे टोक नुसते टेकविले, ते ओल्या पावात शिरावे तसे आत गेले.

त्या क्षणी टेबलाचा प्रश्न मागे पडला. आईचा बिछाना ज्या बाकांवर टेकत होता, त्यांतील एकाचा पाया ह्याच जमिनीवर होता. कूज बाकाखाली पोहोचली असती तर पुढचा अपघात आमटीचा झाला नसता. आम्ही बाकाचे झाकण उघडून, सामान बाहेर काढून, वीत वीत अंतरावर टोचून पाहिले. सुदैवाने मऊ भाग भिंतीपासून बैठकीपर्यंत, हातभर लांबीचा आणि वीतभर रुंदीचा, एवढाच निघाला. बाकाचे पाय कठीण लाकडावर होते.

कूज आली म्हणजे पाणी आले. पाणी कोठून? खाली टाकी होती, तिचे नळ होते. पण ते कोरडे ठणठणीत. भाचीने बाहेर खिडकीवर बादलीभर पाणी ओतले आणि मी आत कंदील घेऊन बसलो. पाच मिनिटे काही नाही. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून, भिंतीच्या आतल्या पोकळीतून, जमिनीशी एक थेंब आला, त्यामागून दुसरा. चौकटीभोवतीचे लुकण वाळून भेगाळले होते. किती पावसाळे आणि किती हिमाचे थर त्या भेगेतून आत झिरपले असतील कोण जाणे! टेबल दोन वर्षे डुलून डुलून हेच सांगत होते, आणि आम्ही त्याच्या तोंडात पुठ्ठ्याचा बोळा कोंबीत होतो.

मुक्कामावर एवढी दुरुस्ती शक्य नव्हती. तेथे तात्पुरते इतकेच केले: भिंतीकडची नळी काढून ठेवली आणि भिंतीस एक लाकडी पट्टी बसवून टेबलाची मागची कड तिच्यावर टेकविली. पट्टीच्या दोन टोकांवर दोन आणि वाटेकडच्या नळीवर एक, असे तीन आधार झाले. म्हणजे ती एक प्रकारची तिवईच. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ट्रेलरची भिंत चार-पाच सेंटीमीटरच जाड असते. स्क्रू आतील उभ्या खांबांतच शिरला पाहिजे. खांब चुकला तर तो पातळ तक्त्यात नुसता लोंबतो, आणि फार लांब असला तर बाहेरचा पत्रा भेदून पावसास नवी वाट करून देतो. मी भिंतीवर बोटाने ठोकीत पोकळ आवाज कोठे संपतो ते पाहून खांब शोधले. आईचा बिछाना त्या दिवसापासून दुसरीकडे केला. ती म्हणाली, “मला जमिनीवरही झोप येते.” पण तिचे आम्ही ऐकले नाही.

घरी परतल्यावर तीन दिवस काम चालले. पहिला दिवस खिडकीचा: जुने लुकण खरवडून, जागा कोरडी करून नवे भरले, आणि पुन्हा बादलीभर पाणी ओतून पाहिले. पाणी बंद झाल्याखेरीज लाकूड बदलणे व्यर्थ. मग जमीन वाळू दिली. मऊ झालेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढला. कूज अगदी वरवरची असती तर पातळ राळ पाजून ती कठीण करिता येते. येथे ती आरपार होती. कापण्यापूर्वी मेहुणे ट्रेलरखाली सरपटत जाऊन पाहून आले, कारण जमिनीखालून विजेच्या तारा, पाण्याचे नळ व चुलीच्या वायूची नळी जात असते. आंधळेपणाने भोक पाडून वायूची नळी फोडणे हे डुलत्या टेबलापेक्षा पुष्कळच भारी पडेल. ज्या घरात हे पाहणारे कोणी नसेल, तेथे जाणत्या कारागिरास बोलवावे.

कापलेल्या जागी त्याच जाडीचे नवे प्लायवुड खालून आधार देऊन, गोंद लावून बसविले. त्यावर दोन्ही बैठकींखाली मिळून एकच फळी घातली: ९० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद, १२ मिलीमीटर जाड. ही कल्पना बहिणीची. एकाच बैठकीखाली फळी घातली असती तर टेबल एका अंगास १२ मिलीमीटर उंच झाले असते. दोन्हींखाली घातल्याने ते सारखेच उचलले गेले, आणि दोन्ही बैठकी एकमेकींस बांधल्याही गेल्या. पायास लागू नये म्हणून फळीच्या कडा रंध्याने गोल केल्या. बैठकी स्क्रूंऐवजी आरपार बोल्टांनी बसविल्या, आणि जमिनीखालून बोल्टांस धातूची रुंद पट्टी व वॉशर घालून नट आवळले. स्क्रू लाकडाच्या तंतूंच्या भरवशावर असतो. बोल्ट सबंध जमिनीस दोन्ही अंगांनी कवळून धरतो, आणि ताण रुंद पट्टीवर पसरतो. भोकांत बोल्ट घालण्यापूर्वी लुकण भरले, नाही तर रस्त्यावरचे पाणी चाकांनी उडून खालून वर चढले असते.

वरच्या बैठकींचे एकदोन स्क्रू सैल होते. टेबलाची फळी लाकडाचा भुसा दाबून केलेली असते. तिच्यात आटे लवकर फुटतात. तेथे गोंद लावलेल्या खुंट्या पुरेशा झाल्या. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड आहे ना हे मात्र प्रत्येक वेळी मोजून पाहिले. मेहुण्यांच्या हातून पूर्वी एक लांब स्क्रू बसला होता. त्याचे टोक टेबलाच्या पृष्ठभागावर येऊन कित्येक दिवस सर्वांच्या मनगटांस बोचत असे.

शेवटी परीक्षा घेतली. भाचीने काचेचा पेला काठोकाठ भरून टेबलाच्या मध्यावर ठेविला. मेहुणे पूर्वीसारखेच कडेवर हात टेकून उठले. पाणी थरारले, पण सांडले नाही. आईने दुसऱ्या बाजूने तसेच करून पाहिले. तिच्या हाताचा डाग तोवर फिका झाला होता. भिंतीकडची नळी अद्याप घट्टच बसते. पण आता ती सरळ वर न ओढता, खालच्या बैठकीशी पकडून डावीउजवीकडे पिळावी आणि मग उपसावी असे बहिणीने ठरविले आहे.

ह्या महिन्यात भाचीचे पत्र आले. प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती खिडकीच्या कोपऱ्यात कागदाचा कपटा दाबून पाहते व तो कोरडा निघाल्याची नोंद भिंतीवर पेन्सिलीने करिते. टेबल मधे एकदा डुलू लागले होते. तिने वाटेकडच्या बैठकीत बोट घातले, तो वाळू! “मी कोरड्या फडक्यानं पुसलं, मामा,” असे लिहून पुढे तिने कंसात, अधोरेखित करून, लिहिले आहे: “(तेल नाही.)”